चाकावरची खोली आणि तिला थांबायला जागा

फिरत्या घराचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांपुढे सोफा, टीव्ही, एसी असलेली मोठी बस उभी राहते. मी लिहितो आहे ते पिकअपच्या डाल्यावर बसणाऱ्या कडक भिंतींच्या एका खोलीबद्दल. दोन माणसांनी झोपावे, स्वयंपाक करावा, पाऊस आला तर दार लावून बसावे, एवढीच तिची ऐपत. चार कोपऱ्यांना जॅक लावून ती वर उचलायची, खालून गाडी काढून घ्यायची, की पिकअप पुन्हा धानाचे कट्टे वाहायला मोकळी. माझे ठाम मत आहे की आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या सामान्य कुटुंबाला परवडेल आणि आपल्या हवेत टिकेल असे फिरते घर हेच आहे. त्याला रस्त्यावर येण्यासाठी कागदाची सरळ वाट आणि रात्री थांबायला जागा मिळाली पाहिजे.

माझी सगळी नोकरी गडेगावच्या अशोक लेलँडमध्ये झाली. 1982 साली उभ्या राहिलेल्या या कारखान्यात गिअरबॉक्स तयार होतात आणि माझी हयात त्याच कामात सरली. तिथे एक सवय अंगात भिनली. गाडी दिसली की आधी तिचे वजन कुठे बसते ते पाहायचे. फिरत्या घराचा विचार करणारे बहुतेक लोक मात्र पलंग कुठे, ओटा कुठे, पडदे कोणत्या रंगाचे यापासून सुरुवात करतात. सुरुवात धरमकाट्यावर व्हायला हवी.

हिशोब मांडतो. माझी गाडी सिंगल केबिनची, 1300 किलो माल वाहण्याची क्षमता असलेली जुनी पिकअप आहे. आधी ती भाजीपाला वाहायची. तिच्यावरची खोली पलंग, कपाटे, दार, खिडक्या धरून 480 किलोंची. पाण्याची टाकी 60 लिटरची, म्हणजे 60 किलो. बॅटरी आणि छतावरचे सोलर पॅनेल मिळून 40. लहान सिलिंडर व शेगडी 20. अंथरूण, भांडी, कपडे, किराणा 90. जॅक, दोर, अवजारे 40. एकूण 730 किलो. हा आकडा मी एका राईस मिलच्या काट्यावर, प्रवासाला निघतानाचे सगळे सामान भरून, घेतला आहे. क्षमतेच्या दोन-तृतीयांशापुढे जाऊ नये, असा माझा नियम. खोली उंच असते, तिचे वजनही उंचावर असते. वळणावर गाडी झुकते, ब्रेक लावल्यावर पुढे लोटते. कागदावर 1300 लिहिले आहे ते डाल्यात सपाट पडलेल्या पोत्यांसाठी, हे विसरून चालत नाही.

डबल केबिनच्या पिकअप दिसायला देखण्या असतात, चार-पाच माणसे बसतात. 2016 साली इसुझूची व्ही-क्रॉस आली, 2022 मध्ये टोयोटाची हायलक्स आली, तेव्हापासून तरुण मुलांना वाटते की फिरते घर बांधायचे तर यांच्यावरच. पण त्यांचा डाला आखूड असतो. साडेपाच फुटांचा माणूस त्यात पाय पसरून झोपू शकत नाही. मग खोली मागे बाहेर काढावी लागते किंवा पलंग टपावर चढवावा लागतो. दोन्ही प्रकारांत वजन नको तिथे जाते. वर अशा गाड्यांची माल वाहण्याची क्षमता साध्या मालवाहू पिकअपपेक्षा बरीच कमी. नवरा-बायको दोघांनाच फिरायचे असेल तर सिंगल केबिन घ्या आणि आठ-नऊ फुटांचा डाला पदरात पाडून घ्या.

आता भिंतींचा प्रश्न. परदेशात कापडी बाजूंची, छत वर उचलले की उघडणारी खोलीही मिळते. ती हलकी असते, गाडी बुटकी राहते, डिझेल वाचते. थंड, कोरड्या मुलुखात ती छान. आपल्याकडे मृगापासून पुढे तीन-चार महिने हवा ओली. भिजलेले कापड घडी करून ठेवले की दुसऱ्या दिवशी वास आणि आठवड्यात बुरशी. एखाद्या फेब्रुवारीत गारपीट येते. आणि आपल्या भागातले सगळ्यात मोठे कारण म्हणजे मण्यार. रात्री निघणारा हा साप जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, चावल्याचे कित्येकदा कळतही नाही. धानाच्या बांध्यांमध्ये आणि तलावाच्या पाळीवर वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. जमिनीपासून तीन फूट उंच, फटी बुजवलेली, जाळीच्या खिडक्यांची कडक खोली असली की माणूस निर्धास्त झोपतो. मोहफुलाच्या दिवसांत अस्वले गावाच्या कडेपर्यंत येतात तेव्हाही तेच.

भिंतींसाठी मी 40 मिलिमीटरचे पफ पॅनेल घेतले. दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेले हे पॅनेल दुधाच्या आणि मासळीच्या गाड्यांना लावतात, शीतगृहांना लावतात. प्लायवूडची भिंत स्वस्त पडते, पण जड होते आणि पाणी पिते. फॅब्रिकेशनच्या दुकानात पोरगा विचारत होता, "काका, अँगल लोखंडाचा लावू का जी? मजबूत होईल." मी ॲल्युमिनियमचा सांगाडा घ्यायला लावला. खर्च वाढला, पण वजनात मोठी बचत झाली, आणि ती बचत गाडीच्या पाट्यांना, टायरला, डिझेलला रोज मिळते.

आतली रचना मात्र आमच्या सौ.ची. तिचा पहिला प्रश्न होता, "हवा कुठून येईल आणि कुठून जाईल?" यापेक्षा नेमका प्रश्न मला कोणी विचारला नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. चारही बाजूंनी बंद खोली उन्हात उभी केली तर पफ पॅनेल असले तरी संध्याकाळपर्यंत ती तापते, आणि एकदा आत शिरलेली उष्णता रात्रभर निघत नाही. म्हणून छतावर चार बोटे अंतर सोडून दुसरे पांढरे छत बसवले. मागच्या खिडकीत 12 व्होल्टवर चालणारा लहान कूलर, त्याला वाळ्याची जाळी, आणि समोरची खिडकी उघडी. विदर्भातल्या माणसाला कूलरचे शास्त्र शिकवायला नको: आलेली ओली हवा बाहेर गेली नाही तर खोलीत नुसता दमटपणा साचतो. जुलैत तोच कूलर निरुपयोगी, तेव्हा फक्त छतातला पंखा. एसीच्या नादी लागू नका. त्याला लागणाऱ्या बॅटऱ्या घेतल्या की वजनाचा सगळा हिशोब कोसळतो.

हिवाळ्यात उलटा त्रास. दोन माणसांच्या श्वासातली वाफ रात्री थंड पत्र्यावर जमते आणि पहाटे भिंतीवरून पाणी ओघळते. थंडी वाजली तरी खिडकी दोन बोटे उघडी ठेवायची, गादीखाली फळ्यांमध्ये फट ठेवायची. गॅसचेही तसेच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक हवेच. झोपताना शेगडी पेटती ठेवणे, कोळशाची शेगडी आत घेणे, हे जिवावरचे आहे. आमचा बहुतेक स्वयंपाक बाहेर, मागच्या दाराला बांधलेल्या ताडपत्रीखाली होतो. लाखोरीची भाजी आणि भात तिथे जसा लागतो तसा घरी लागत नाही, असे सौ. म्हणते आणि मला ते पटते.

उंचीचेही भान ठेवावे. माझी खोली गाडीवर चढली की जमिनीपासून पावणेतीन मीटर होते. गावाच्या गल्लीतल्या लोंबत्या विजेच्या तारा, चिंचेच्या फांद्या, रेल्वेखालचे बुटके बोगदे, सगळीकडे आधी उतरून पाहायचे. उंचीचा आकडा मी काचेसमोर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवला आहे.

एवढे सगळे कशासाठी, असे पाहुणे विचारतात. दिवाळी सरली की आपल्या गावोगावी मंडई भरते, झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. नाटक पाहून पहाटे थकलेल्या डोळ्यांनी गाडी चालवत घरी परतण्यापेक्षा गावाच्या कडेला उभ्या खोलीत झोपणे केव्हाही चांगले. महाशिवरात्रीला प्रतापगड किंवा मार्कंडा. हिवाळ्यात गोसेखुर्दच्या पाण्यावर आणि मालगुजारी तलावांवर उतरणारे पाखरांचे थवे, पवनीचा किल्ला, आंभोऱ्याचा संगम, तुमसरकडे चांदपूर आणि आंबागड. महागडे हॉटेल या ठिकाणी नाही आणि व्हायलाही नको. पण आमच्या वयाच्या माणसांना रात्री उठल्यावर लागणारी सोय जवळ असली तर ही ठिकाणे आमच्या आवाक्यात येतात. नागझिऱ्याच्या जंगलात मात्र रात्री खोली उभी करायचा विचारही करू नये. 2013 पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पिटेझरीच्या दारात सकाळी पोहोचायचे, मुक्काम अलीकडच्या गावात करायचा.

आता कागदाचे. इथे शासनाने लक्ष घालावे, ही माझी मागणी आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या मूळ स्वरूपात मालकाने मनाने बदल करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. नियम योग्य आहे. गाडीवर वाटेल ते वेल्डिंग करून हायवेवर सोडण्याची मुभा कोणालाच नको. दुसरीकडे, 2004 च्या केंद्राच्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानकही आहे. पण ही व्यवस्था पूर्ण गाडी बांधणाऱ्या कंपन्यांना सोयीची आहे. जॅकवर उतरवता येणारी, पट्ट्यांनी आवळून बांधलेली माझी खोली गाडीची बॉडी समजायची की गाडीवर लादलेला माल, याची मला दोन कार्यालयांत दोन वेगळी उत्तरे मिळाली. मी ती मालासारखी बांधतो, तीन हजार किलोंच्या एकूण वजनाची मर्यादा पाळतो, गाडी चालू असताना आत कोणालाही बसू देत नाही. तरीही मला लेखी नियम हवा आहे. वजन किती, उंची किती, बांधणी कशी, गॅस कसा, अपघात झाला तर विमा कोणाचा, हे एका पानावर लिहून द्या. ते पान नसल्यामुळे प्रामाणिक माणूस घाबरतो आणि बेफिकीर माणूस हवे ते करून मोकळा होतो.

दुसरी गोष्ट थांबण्याची. महाराष्ट्राने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. पण पार्क म्हटले की मोठी जमीन, मोठा गुंतवणूकदार, मोठे फाटक असे चित्र होते. भंडारा जिल्ह्याला त्याची गरज नाही. आपल्याला हवी आहे तलावाच्या पाळीपासून पुरेशी दूर, मुरूम टाकलेली चार-पाच गाड्यांची जागा. तिथे पिण्याच्या पाण्याचा नळ, एक दिवा, स्वच्छ शौचालय, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे फिरत्या शौचालयाची टाकी रिकामी करायला सेप्टिक टँकला जोडलेले एक तोंड. ही शेवटची गोष्ट कोणी बोलत नाही. आमच्याकडे वीस लिटरची टाकी असलेले लहान शौचालय आहे, आणि ते रिकामे करायला घर सोडले तर हक्काची जागा कुठेही नाही. ढाब्यावर मालकाची परवानगी मागून काम भागवावे लागते. उद्या अशा गाड्या वाढल्या आणि ही सोय नसली, तर घाण कुठे जाईल हे सांगायला नको. मालगुजारी तलावांवर शेकडो एकर धान ओलिताखाली आहे, ढीवर बांधवांच्या सोसायट्यांची मासेमारी आहे. पर्यटनाच्या नावाखाली त्या पाण्यात एक थेंबही घाण जाता कामा नये.

ही जागा ग्रामपंचायतीने बांधावी आणि महिला बचत गटाने चालवावी. रात्रीचे भाडे, सकाळचा चहा, दुपारचे जेवण, घरचे तांदूळ, लाखोरीची डाळ, सगळा पैसा गावातच राहील. खर्च एखाद्या सभामंडपाहून कमी येईल. जिल्हा परिषदेने या हिवाळ्याच्या आत साकोली, पवनी आणि तुमसर तालुक्यांत अशी एकेक जागा करून दाखवावी. पर्यटन संचालनालयाने तिला कॅराव्हॅन धोरणात बसवावे आणि परिवहन विभागाने उतरवता येणाऱ्या खोलीचा नियम लेखी द्यावा. आणि वाचकांपैकी कोणी अशी खोली बांधायच्या विचारात असेल, तर त्यांना विनंती आहे: सुताराकडे किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडे जाण्याआधी रिकामी गाडी काट्यावर घाला, पावती जपून ठेवा, आणि मगच नकाशा काढायला बसा.