मार्च एंडला बर्फ हवाय!

मार्च म्हटलं की आपल्या ऑफिसात दोनच विषय. टार्गेट आणि अप्रेझल. अशा महिन्यात बॉसच्या केबिनमध्ये जाऊन ‘सर, सात दिवस स्कीइंगला जायचंय’ असं सांगायला जिगर लागते. मी सांगून टाकलं. सरांनी आधी कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्या वाढत्या पोटाकडे. पण दहा सुट्ट्या लॅप्स होणार होत्या, त्यामुळे अप्रूव्हल मिळालं. म्हटलं, चला, अवघड काम संपलं!

कसलं काय. अवघड काम घरी ठाण्यात मेथी निवडत बसलं होतं. पण ते नंतर. आधी हे खूळ डोक्यात शिरलं कसं, ते सांगते.

मार्च २०२५ मध्ये आमची गँग गुलमर्गला गेली होती. एकदम टिपिकल टुरिस्ट! टंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि लांब कोट चढवले, बर्फात लोळलो, शंभरेक फोटो काढले. त्या वर्षी फेब्रुवारीत पुरेसा बर्फच नव्हता, म्हणून खेलो इंडियाचे विंटर गेम्स पुढे ढकलले होते. मग उशिरा बर्फ पडला आणि ९ ते १२ मार्चला ते झाले. आम्ही नेमके तेव्हाच तिथे. मी कोटात गुरफटून चहा पीत होते, तेवढ्यात सात-आठ वर्षांचा एक लोकल मुलगा उतारावरून सुर्रकन आला, माझ्यासमोर तिरका होऊन थांबला, माझ्या चहात बर्फ उडवला आणि गेलासुद्धा. खरं सांगू? मला त्याचा जाम हेवा वाटला.

शेवटच्या दिवशी न राहवून तासभर ट्राय केलं. स्कीचे बूट म्हणजे दोन्ही पायांना प्लास्टर! शिकवणारा सारखा ओरडत होता, ‘पिझ्झा, पिझ्झा!’ म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, टाचा लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार. हाच नवशिक्याचा ब्रेक. अकरा वेळा आपटले. बाराव्या वेळी वीसेक मीटर सरळ घसरत गेले आणि स्वतःच्या पायांनी थांबले. तेवढ्या वेळात ना ईएमआय आठवला, ना क्लायंट. कारण डोकं दुसरीकडे गेलं की तुम्ही पडलातच! दहा महिने योगा क्लासची फी भरून मला हे जमलं नव्हतं.

तर आता येत्या मार्चचं प्लॅनिंग. सगळे विचारतात, सीझन संपताना का? एक म्हणजे, ख्रिसमस-न्यू इयरची गर्दी नसते आणि रूमचे रेटही उतरलेले असतात. दुसरं, २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस काश्मीरमध्ये ‘चिल्लई कलां’ची कडाक्याची थंडी असते. आपल्यासारख्या पंख्याखाली वाढलेल्यांना मार्चच बरा. तिसरं, जानेवारीत बर्फ मिळेलच ही गॅरंटी आता राहिलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या उघड्या, तपकिरी उतारांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील.

मार्चच्या बर्फाचे नखरे मात्र असतात. रात्री तो गोठतो, त्यामुळे अगदी पहाटे काचेसारखा टणक. ऊन चढलं की वरचा थर मऊ, दाणेदार होतो. तीच खरी मजेची वेळ. दुपारनंतर थेट बर्फाचा गोळा! त्यामुळे सकाळी शिकायचं आणि दुपारी कहवा पीत लोळायचं. (अहाहा!) सनस्क्रीन आणि गॉगल मस्ट, कारण बर्फावरून ऊन उलटं वर येतं आणि हनुवटीखालीसुद्धा भाजतं.

आणि प्लीज, पहिल्याच दिवशी गोंडोला पकडून अफरवटला स्की घेऊन जाण्याची हिरोगिरी नको. दुसरा टप्पा तुम्हाला सुमारे ३,९५० मीटर उंचीवर सोडतो, आणि तिथून खाली कसलेल्या लोकांचं काम. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले होते. आपल्यासाठी खालचे बेबी स्लोप्स झिंदाबाद! तयारी म्हणून मी रोज भिंतीला पाठ टेकून अदृश्य खुर्चीत बसते. मांड्या शिव्या देतात, पण लिफ्टऐवजी जिने चढायला लागलेय.

आता आई. २०२५ मध्ये माझं प्रीपेड कार्ड तिकडे चाललं नाही आणि दोन दिवस माझा फोन नाही. त्यानंतर दीडेक महिन्यात पहलगाम झालं. गेलेल्यांत डोंबिवलीची माणसं होती, म्हणजे आमच्यापासून काही स्टेशनांवरची. एके काळी आईचं गुलमर्ग म्हणजे ‘आप की कसम’मधले राजेश खन्ना-मुमताज. आता काश्मीर म्हटलं की ती चॅनल बदलते.

मी सरळ थाप मारणार होते. ‘दिल्लीला ट्रेनिंग आहे’. वाक्य पाठसुद्धा केलं होतं. मग वाटलं, तिकडे खरंच काही झालं आणि हिला मी दिल्लीत आहे असं वाटत असलं तर? शेजारी बसून मेथी निवडायला घेतली आणि सगळं सांगितलं. हॉटेल, तारखा, शिकवणाऱ्याचा नंबर, नवं पोस्टपेड कार्ड.

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘मला नाही आवडलेलं. पण सांगितलंस ते बरं केलंस.’ आणि थोड्या वेळाने, ‘पडलीस तर उचलणार कोण गं तुला?’

‘अगं, पहिल्या दिवशी तेच शिकवतात. पडायचं कसं आणि आपलं आपण उठायचं कसं.’

‘रोज रात्री फोन,’ आई म्हणाली. ‘आणि मोजे माझे ने, लोकरीचे.’

तिकीट बुक झालंय. आता फक्त बर्फाचं अप्रूव्हल बाकी आहे!