शब्दांची गंमत : ओ-यू-जी-एच

यावेळी शेवटी ओ-यू-जी-एच असणारे शब्द. टफ म्हणजे चिवट, कॉफ (आपला कफ नव्हे!) म्हणजे खोकला, ट्रॉफ म्हणजे गुरांची गव्हाण, डो म्हणजे मळलेलं पीठ, बाउ म्हणजे झाडाची फांदी, थ्रू म्हणजे आरपार. प्लाउ म्हणजे नांगर, बेळगावच्या किर्लोस्करांनी लोखंडी केला तोच. अमेरिकेत त्याचं शेपूट कापून डब्ल्यू लावतात.

आमच्या देशपांडे नगरात घरी मराठी, बाहेर कन्नड. दोन्ही बहुतेक लिहू तशा वाचायच्या. म्हणून भाचीने वर्गात 'डो'चं 'डफ' वाचलं. मुलं हसली, तेव्हापासून ती मोठ्याने वाचायलाच तयार नाही.

तिला सांगितलं, चूक तुझी नाही गं. पूर्वी इंग्रज हा जी-एच घशातून, 'ख'सारखा खरोखर उच्चारत. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला, पुढे हळूहळू स्पेलिंग पक्की झाली, पण बोलणं बदलत राहिलं. कुठे तो आवाज गळाला, कुठे त्याचा 'फ' झाला.

उचकीचा 'हिकप'सुद्धा कधीकधी याच चार अक्षरांनी लिहितात. तो तिने परवा मला मोठ्याने वाचून दाखवला.