झाड की झोपडी : ही झुंज लावली कुणी?

“झाडं वाचवणं हा खात्यापित्या घरच्यांचा छंद आहे. आपल्या बायांना आधी नळ हवा, संडास हवा.” परवा आपल्याच बैठकीत एका जुन्या कार्यकर्तीने मला सुनावलं. मैत्रिणींनो, तिचा राग मला समजतो. म्हणणं मात्र पटत नाही.

राग समजतो, कारण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात काय झालं ते आपण विसरलेलो नाही. १९९५ साली एक पर्यावरणवादी संस्था कोर्टात गेली, १९९७ साली उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि जंगल वाचवण्यासाठी हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच जंगलाला लागून असलेल्या आरेत मेट्रोची कारशेड हवी होती. तेव्हा मात्र आरेला जंगल म्हणायला सरकार तयार नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं पडली होती. गरीब राहिले तर ते जंगल, कारशेड हवी तर नुसती जमीन!

पण म्हणून झाडांचा प्रश्न सोडून द्यायचा? झाड पानांतून बाष्प सोडून भोवतालची हवा गार ठेवतं. त्याखालची माती पावसाचं पाणी जिरवते. झाड तोडून सिमेंट ओतलं की उष्णता कोंडते, पाणी वाहत सुटतं, खोडातला कार्बन हवेत जातो आणि पृथ्वी आणखी तापते. तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि ते एकदम ओतते. उरलेलं जंगल उन्हाळ्यात वाळून वणव्याला बळी पडतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असा पाऊस पुन्हा आला तर तो मुरणार कुठे?

मी ज्या वस्तीत काम करते तिथे मे महिन्यात पत्रा तापतो. पुरुष बाहेर ओट्यावर झोपतात, बाई दार लावून आत. संडास लांब, म्हणून ती पाणीही बेतानेच पिते. पूर आला की घरातला चिखल तीच उपसते. हा बायांचा प्रश्न नाही तर कुणाचा?

तेव्हा आपली मागणी एकच हवी : झाडही तुटणार नाही, घरही तुटणार नाही. आरेतल्या वारली पाड्यांनी झाडं आणि घरं शेजारी ठेवून दाखवली आहेत. त्या बायांना विचारल्याशिवाय कुठलाही आराखडा मंजूर होता कामा नये. नळाच्या मोर्चात झाडाचा फलक असू द्या, आणि झाडाच्या मोर्चात नळाचा.