संगणकाचा धनी कोण?

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज 10’ या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्वसाधारण सांभाळ थांबविला. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही; परंतु ज्या सुरक्षा-दुरुस्त्यांवाचून इंटरनेटशी जोडलेले यंत्र भरवशाचे राहत नाही, त्या आपोआप मिळण्याचे मात्र थांबले. शुल्क भरणाऱ्यांस अथवा काही अटी मान्य करणाऱ्यांस मुदतवाढ देण्यात आली, ती गोष्ट वेगळी. पुढील ‘विंडोज 11’ घ्यावी, तर तिला ‘टीपीएम 2.0’ ही सुरक्षाव्यवस्था आणि साधारणपणे 2017-18 नंतरच्या पिढीतील प्रोसेसर लागतो. याचा अर्थ असा की, धडधाकट यंत्रास निवृत्तीचा दाखला त्याच्या मालकाने नव्हे, तर परक्याने दिला. यंत्र आपले, वीज आपली, मजकूर आपला. आयुर्मर्यादा मात्र दुसऱ्याने ठरविलेली! या व्यवस्थेस मालकी म्हणावे की कूळवहिवाट, हा प्रश्न सुशिक्षित वर्गाने स्वतःस विचारावा, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नास एक उत्तर 1991 सालापासून उपलब्ध आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्या वर्षी लिनक्सचा आरंभ केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पाची साधने त्यास येऊन मिळाली. त्याचा परवाना कुणासही ते वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा देतो. ‘फुकट मिळते’ एवढेच त्याचे वैशिष्ट्य सांगितले जाते. वस्तुतः ते वैशिष्ट्य गौण होय. नोकरवर्गाचे शिक्षण, जुन्या कामाचे रूपांतर आणि देखभाल यांस पैसा लागतोच. केवळ काटकसरीसाठी लिनक्सकडे वळणारा पहिल्या अडचणीसरशी माघारी फिरतो.

खरा मुद्दा परावलंबनाचा आहे. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाने निर्बंध लादताच, गुजरातेत वाडिनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या ई-मेलसह काही सेवा मायक्रोसॉफ्टने खंडित केल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले; पुढे सेवा पूर्ववत झाल्या. हे प्रकरण ऑपरेटिंग सिस्टिमचे नव्हते, हे खरे. परंतु परदेशातील निर्णयाने भारतातील कचेरीचे काम एका दिवसात अडू शकते, हे त्यातून सर्वांस दिसले. जे एका कंपनीबाबत घडले, ते नगरपालिकेबाबत वा रुग्णालयाबाबत घडणारच नाही, अशी हमी कोण देणार?

तथापि केवळ उत्साहाने कार्यभाग साधत नाही. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने 2003 मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, त्या वेळी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी जातीने महापौरांची भेट घेऊन त्यांचे मन वळविण्याचा यत्न केला होता. 2013 पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर आले. पण काही खास कामांची सॉफ्टवेअर विंडोजवरच राहिली, दोन्ही व्यवस्था शेजारीशेजारी चालवाव्या लागल्या, संगणक-विभागाची रचना विस्कळीत राहिली आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारी साचत गेल्या. नेतृत्व बदलले, तसा निश्चयही बदलला; 2017 मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. लिनक्स पांगळे होते म्हणून हे घडले, असे म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धसत्य होय. घर बदलताना सामान कुठल्या क्रमाने हलवावे आणि नव्या घराची जबाबदारी कुणावर असावी, हेच तेथे नीट ठरले नव्हते.

हा क्रम ज्यांनी सांभाळला, त्यांचे उदाहरण फ्रान्समध्ये आहे. तेथील जांदार्मेरी या पोलीस दलाने 2005 मध्ये प्रथम पत्रलेखनाचे सॉफ्टवेअर बदलले, नंतर ब्राउझर व ई-मेल; आणि हात बसल्यावर 2008 पासून ऑपरेटिंग सिस्टिम. आज त्या दलाचे सुमारे एक लाख संगणक लिनक्सवर चालतात. जर्मनीच्याच श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने 2024 मध्ये तीस हजार संगणकांसाठी हाच मार्ग निवडला. तेथेही दस्तऐवज आणि ई-मेल आधी, ऑपरेटिंग सिस्टिम शेवटी. आपल्या देशात केरळच्या सरकारी शाळांनी शिक्षकांस प्रशिक्षण देऊन आणि मल्याळम भाषेची सोय करून लिनक्स रुजविले. दोन लाख संगणकांवर तीन हजार कोटी रुपये वाचल्याचे तेथील ‘काइट’ या सरकारी संस्थेने 2019 मध्ये सांगितले. बचत झाली ती तयारीच्या मागोमाग, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

मग महाराष्ट्राने आरंभ कोठून करावा? आमच्या मते, आपल्याच लेखी मजकुरापासून. युनिकोडमध्ये देवनागरीस 1991 पासून स्थान असूनही आपल्या कचेऱ्यांत, छापखान्यांत व संस्थांत वर्षानुवर्षे मराठी लिहिली गेली ती इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेल्या जुन्या फॉन्टांत. तो फॉन्ट नसेल तेथे अहवालाचे, ठरावाचे वा संस्थेच्या इतिवृत्ताचे निरर्थक रोमन अक्षरांत रूपांतर होते. असा मजकूर लिनक्सवरच काय, उद्याच्या विंडोजवरही अनाथ होय. तो युनिकोडमध्ये आणणे आणि नवे दस्तऐवज कुणासही उघडता येतील अशा खुल्या स्वरूपात ठेवणे, हे काम ऑपरेटिंग सिस्टिम कोणतीही असो, करावेच लागेल. ते झाले म्हणजे निम्मे स्थलांतर झाले.

व्यापाऱ्यांच्या हिशेबाची प्रचलित सॉफ्टवेअर बहुतांशी विंडोजवरच चालतात, ही अडचण आम्ही नाकारीत नाही. ज्याचे पोट त्यावर आहे त्याने आज उडी घ्यावी, असा आमचा आग्रह नाही. परंतु ज्या संगणकावर केवळ पत्रलेखन, टपाल व वाचन होते, तो भंगारात काढण्यापूर्वी त्यावर लिनक्स घालून पाहण्यास काय हरकत आहे? केंद्र सरकारने 2015 मध्येच खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. कागदावरील धोरण आणि टेबलावरील संगणक यांत अजून मोठे अंतर आहे. नवी यंत्रे घेण्याचा प्रस्ताव सभेपुढे येईल, तेव्हा जुनी यंत्रे निकामी कुणी ठरविली, दुसरा पर्याय पडताळला काय आणि मजकूर कोणत्या स्वरूपात जपला जाणार, ही तीन उत्तरे लोकप्रतिनिधींनी मागितलीच पाहिजेत. खर्च होणारा पैसा नागरिकांचा आहे आणि जपावयाचा मजकूरही त्यांचाच आहे.