गडावरची माती उपसणे थांबवा

पावसाळा ओसरला, वाटा वाळल्या, की सह्याद्रीतल्या कुठल्या ना कुठल्या गडावर जेसीबी चढतो. जिथे त्याला वाट नसते तिथे पहारी आणि घमेली चढतात. वाड्याच्या जोत्यावर दोनशे वर्षे साचलेले दगडमातीचे ढीग दोन दिवसांत कड्यावरून लोटले जातात. जोते मोकळे होते, त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढली जातात, आणि गडाने मोकळा श्वास घेतल्याची बातमी गावोगाव फिरते. जुलै २०२५ मध्ये साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंतचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आपल्याही गडावर काहीतरी करून दाखवले पाहिजे, ही घाई आता आणखी वाढणार आहे.

गडांची आबाळ झाली आहे, हे कुणाला पटवून द्यायला नको. बुरुजांत वाढलेले पिंपळ, टाक्यांत तरंगणाऱ्या बाटल्या, दरवाजांच्या कमानींवर कोरलेली नावे हे सगळे प्रत्येकाने पाहिले आहे आणि प्रत्येकाला त्याची चीड आहे. हे पत्रक त्या सगळ्याबद्दल नाही. ते एकाच प्रथेविरुद्ध आहे: नोंद न करता गडावरची माती उपसून फेकून देणे. ही प्रथा सर्वांत घातक आहे, कारण ती भक्तीच्या नावाने चालते आणि तिला टाळ्या मिळतात.

कामाच्या अंदाजपत्रकात ‘मलबा हटविणे’ ही बाब घनमीटरच्या दराने धरली जाते. जितकी जास्त माती निघेल तितके बिल मोठे. त्या मातीत काय होते, हे लिहायला अंदाजपत्रकात रकाना नसतो. स्वयंसेवकांच्या मोहिमांचा हिशेबही याच मापाने होतो: किती ट्रॉल्या निघाल्या, किती फूट गाळ काढला. नुकसानीचे माप पराक्रमाचे माप म्हणून मिरवले जात आहे.

मग त्या ढिगाऱ्यात असते तरी काय? रायगडाचेच घ्यावे. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात गडावरचे वाडे जळाले. असा जळालेला वाडा कोसळतो तेव्हा त्याचे अवशेष एका क्रमाने पडतात. जमिनीवर त्या दिवशी असलेली भांडी, दिवे, जाती. त्यांच्यावर जळक्या तुळयांचा कोळसा आणि छपराची कौले. त्यावर पुढच्या काळात ढासळलेल्या भिंतींची माती. आणि खालची जमीन फोडली तर तिच्याआधीची जमीन, तिच्यावर आणखी आधीच्या पिढीची खापरे. हा क्रम शाबूत असेल तर कोणती भिंत आधीची, कोणती नंतरची, कोणती खोली कोठीची आणि कोणती मुदपाकाची, हे सांगता येते. एखाद्या जमिनीत दबलेले नाणे सापडले, तर ती जमीन त्या नाण्याच्या आधीची नाही हे ठरते. तेच नाणे कड्याखालच्या ढिगाऱ्यातून वेचले तर ते कपाटात ठेवण्यापुरते उरते.

खुनाच्या जागी पंचनामा होण्याआधी कुणी फरशी धुऊन काढली तर त्याला कुणी स्वच्छताप्रेमी म्हणणार नाही. गडावर मात्र हेच करणाऱ्याचा सत्कार होतो.

मातीतून काय वाचता येते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज पडावी हीच शरमेची गोष्ट आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे एकही शिलालेख नव्हता. होती ती मातीची घरे, तीही तीन हजार वर्षांपूर्वी पडून गेलेली. त्यांचे खांबसुद्धा कुजून गेले होते. उरले होते फक्त खांबांच्या जागी भरलेल्या वेगळ्या रंगाच्या मातीचे गोल डाग. ते डाग खुरप्याने आणि ब्रशने उघडे करून, कागदावर उतरवून घरांचे आराखडे मिळाले. त्यातून कळले की आधीची माणसे ऐसपैस चौकोनी घरांत राहत होती आणि इसवी सनपूर्व १००० नंतर, शेती खालावल्यावर, त्यांचे वंशज लहान गोल झोपड्यांत राहू लागले. घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुले सापडली. पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याच्या शेजारचे धान्याचे कोठार सापडले. पाणी वळवण्यासाठी काढलेला पाट आणि बांध सापडला. जेसीबीच्या बकेटला मातीच्या रंगातला फरक दिसत नाही. ते यंत्र इनामगावच्या पांढरीवर एक दिवस चालले असते, तर हे सगळे सपाट रानात जमा झाले असते आणि आपण काही गमावले याची खबरही लागली नसती.

राजस्थानात कालीबंगन इथे हडप्पापूर्व काळातले नांगरलेले शेत सापडले. सापडले म्हणजे काय, तर मातीत उमटलेली तासे: एका दिशेला सुमारे ३० सेंटिमीटर अंतराची, दुसऱ्या दिशेला सुमारे १९० सेंटिमीटर अंतराची. त्या भागातले शेतकरी विसाव्या शतकातही एकाच शेतात दोन पिके घेण्यासाठी अशीच आडवी-उभी तासे काढत होते. सुमारे पावणेपाच हजार वर्षांचा शेतीचा धागा त्या मातीत होता. घमेल्यात भरल्यावर त्या मातीत आणि रस्त्याच्या भरावात काहीही फरक राहिला नसता.

याच्या उलट दैमाबादची कहाणी आहे. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या या गावी एका शेतकऱ्याला खोदताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. वजन एकंदर साठ किलोहून अधिक. भारतीय पुरातत्त्वातला हा एक थोर ठेवा आहे. पण त्या वस्तू कोणत्या थरात होत्या याची नोंद झाली नव्हती. पुढच्या वर्षांत तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले, वसाहतीचे पाच टप्पे नीट उलगडले, ठेवा उत्तर हडप्पा काळाचा मानला गेला. तरी काही मोठ्या अभ्यासकांनी त्या काळाविषयी शंका घेतली आणि ती शंका अजून पूर्ण मिटलेली नाही. शेतकऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. तो आपले काम करत होता. पण जगातल्या कुठल्याही संग्रहालयाला हेवा वाटावा अशा वस्तूंची जर ही गत होते, तर कड्यावरून फेकलेल्या खापरांची आणि गोळ्यांची काय कथा?

ही वृत्ती नवी नाही. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वे बांधताना कंत्राटदारांनी हडप्पाच्या विटा उपसून रुळांखाली घातल्या. त्या सुमारे १०० मैलांना पुरल्याचे पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने नोंदवले. कंत्राटदारांच्या लेखी तो फुकटचा भराव होता. १९२१ मध्ये तिथे उत्खनन सुरू झाले तेव्हा शहराचे वरचे थर केव्हाच उद्ध्वस्त झालेले होते. आंध्रातल्या अमरावतीच्या महास्तूपाचे याहून वाईट झाले. आधी त्याच्या शिळा इमारतींसाठी काढल्या गेल्या, काही भाजून चुना केला गेला. शेवटी १८८० मध्ये मद्रासच्या गव्हर्नरने जागा पूर्ण साफ करायचा हुकूम दिला. हेतू चांगला होता, शिल्पे उघडी करायची होती. त्यानंतर पुरातत्त्वज्ञ तिथे पोचले तेव्हा त्यांच्यासमोर एक खड्डा होता. परक्या राजवटीच्या या कृत्यांबद्दल आपण संतापाने बोलतो. तेच कृत्य आज आपण आपल्या हातांनी, आपल्या राजाच्या गडांवर करत आहोत.

यावर जी उत्तरे ऐकवली जातात, ती ऐकून संताप येतो. तरी एकेकाचा विचार करू.

पहिले उत्तर: ‘आम्ही घाम गाळतो, पंडितांनी गडासाठी काय केले?’ घाम खराच आहे आणि तो मोलाचा आहे. सुट्टीच्या दिवशी पाठीवर पाणी वाहून गड चढणारी तरुण मुले ही महाराष्ट्राची मोठी ताकद आहे. म्हणूनच ती वाया जाता कामा नये. खुंट्या ठोकून चौकोन आखणे, माती चाळणीतून चाळणे, खापरे धुऊन थराप्रमाणे पिशव्यांत भरणे, पिशवीवर चिठ्ठी लावणे ही कामे जाणत्याच्या देखरेखीखाली कुणालाही शिकता येतात. गावोगावच्या उत्खननांत खेड्यातल्या मजुरांनी ती उत्तम केली आहेत. ज्याला ट्रॉल्या मोजता येतात त्याला थरही मोजता येतात.

दुसरे उत्तर: ‘इतिहास बखरींत आणि कागदपत्रांत आहे, फुटक्या खापरांतून काय कळणार?’ हे उत्तर देणारा कागदपत्रांवरही प्रेम करत नाही. ६ जून १६७४ चा शिवराज्याभिषेकाचा सोहळा लिहिणारे होते. पण तटावर पहारा देणारा काय खात होता, दारूगोळा कुठे ओतला जात होता, वेढ्याच्या दिवसांत पाणी कसे पुरवले, माचीवरच्या घरांत कोण राहत होते, हे लिहायला कुणी बसले नव्हते. ते जळक्या दाण्यांत, हाडांत, धातूच्या मळीत आणि टाक्याच्या तळच्या गाळात आहे. रायगडावर अलीकडे जिथे रीतसर उत्खनन झाले तिथे २०२१ मध्ये सोन्याची बांगडी मिळाली आणि पुढे यंत्रराज हे खगोल पाहण्याचे उपकरण मिळाले. ही मातीच जर आधी कड्याखाली गेली असती, तर गडावर ग्रह-ताऱ्यांचे वेध घेण्याचे साधन होते, हे कुणी छातीठोकपणे सांगितले असते?

तिसरे उत्तर: ‘या गतीने शंभर वर्षे लागतील.’ लागू देत. सगळा गड आजच खोदा, असे कुणी म्हटलेले नाही. मातीखाली झाकलेले जोते उघड्या जोत्यापेक्षा जास्त सुरक्षित असते. दोन-तीन मीटर पाऊस झोडपणाऱ्या सह्याद्रीत तर नक्कीच. भिंत कोसळायला आली असेल तर तिच्या पायाशी लागेल तेवढेच खणावे, तेही नोंद करत. बाकीची माती नातवंडांसाठी राहू द्यावी. त्यांच्याकडे आजच्याहून चांगली साधने असतील.

चौथे उत्तर: ‘मार्चअखेर निधी परत जाईल.’ जाऊ दे. परत गेलेला निधी पुढच्या वर्षी पुन्हा मागता येतो. फेकलेला थर कुठल्याच अर्थसंकल्पात परत मिळत नाही.

कायद्यावर विसंबून राहण्यासारखी स्थितीही नाही. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर १९५८ च्या केंद्रीय कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण महाराष्ट्रातले बहुसंख्य गड कोणत्याच संरक्षित यादीत नाहीत. त्यांच्यासाठी उरतो तो १८७८ चा निखात निधी कायदा. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, असे तो सांगतो. खापराला, कोळशाला, जळक्या गव्हाच्या दाण्याला बाजारात किंमत नाही. या कायद्याच्या नजरेत त्यांना जागाच नाही.

म्हणून मागणी साधी आहे. गडावरच्या कोणत्याही कामाच्या अंदाजपत्रकातून घनमीटरने मलबा हटवण्याची बाब काढून टाकावी. माती हलवायचीच असेल तर कामावर पूर्णवेळ पुरातत्त्वज्ञ असावा. त्याच्या नोंदवह्या, आराखडे आणि छायाचित्रे दोन वर्षांत मराठीत प्रसिद्ध व्हावीत, आणि काढलेली प्रत्येक पाटी चाळूनच बाहेर जावी. संवर्धन करणाऱ्या संस्थांनी आपल्या मोहिमांतून ‘गाळ काढणे’ हा कार्यक्रम हे होईपर्यंत बंद ठेवावा.

आणि ज्यांच्या शिवेत गड आहे त्या गावकऱ्यांना विनंती आहे. येत्या ग्रामसभेत ठराव करा की नोंदीशिवाय गडावरची पाटीभर मातीही हलणार नाही. ठरावाची प्रत तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि पुरातत्त्व खात्याला द्या. तरीही यंत्र पायथ्याशी आले, तर कार्यादेश आणि पुरातत्त्वज्ञाची लेखी मंजुरी दाखवायला सांगा. दोन्ही कागद नसतील तर यंत्र तिथूनच परत पाठवा.