अक्षरामागची सावली

मागच्या रविवारी आमच्या चाळीच्या कोपऱ्यावरील किराणा दुकानाचा पत्र्याचा बोर्ड उतरवला. पिवळ्या रंगावर लाल अक्षरे, आणि प्रत्येक अक्षराच्या उजव्या अंगाला व खाली काळी सावली. त्या जागी फ्लेक्स लागला. शेजारची नववीतली मुलगी म्हणाली, "काका, ही तर मोबाईलमधल्या फॉन्टसारखी अक्षरे!" मी म्हटले, "बाई, उलट आहे. मोबाईलमधली अक्षरे यांच्यासारखी आहेत."

वाचक हो, छपाईच्या खिळ्यात ही सावली आली ती लंडनमध्ये. विन्सेंट फिगिन्स या खिळे ओतणाऱ्याने 1815 साली आपल्या नमुन्यांत सावलीची अक्षरे दाखवली. कारखाने वाढले होते, माल विकायचा होता. पुस्तकातले बारीक अक्षर भिंतीवर दुरून दिसेना. म्हणून अक्षर जाड झाले, मोठे झाले, आणि सावली मिळताच कागदातून उठून उभे राहिले. आज त्याच चालीचे फॉन्ट 'जुन्या जमान्याचे' म्हणून हौसेने वापरले जातात.

यात जादू नाही, शिस्त आहे. उजेड वरून डावीकडून येतो असे एकदा धरले, की सगळ्या सावल्या खाली उजवीकडेच पडल्या पाहिजेत. एका अक्षराची चुकली तरी बोर्ड बिघडतो. आपल्या देवनागरीत काम आणखी अवघड. शिरोरेषेची सावली खालच्या अक्षरावर उतरते, आणि 'क्ष', 'ष्ठ' यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते. म्हणून हे अक्षर मथळ्याला आणि पाटीला शोभते. बारीक मजकुराला लावले, तर वाचणाऱ्याच्या डोळ्याला त्रास.

हे गणित आमच्या पेंटरमामांनी कोणत्याही कॉलेजात शिकलेले नाही. दोरीला खडू लावून रेषा मारायची, श्वास रोखून ब्रश ओढायचा, अशी हयात गेली. फ्लेक्स आला आणि हातचे काम गेले. आता ते रात्रपाळीला वॉचमन आहेत.

दिल्लीत हनीफ कुरेशी या कलावंताने रस्त्यावरच्या पेंटरांकडून अक्षरे लिहून घेतली, त्यांचे फॉन्ट केले आणि त्या फॉन्टना त्या त्या पेंटरचे नाव दिले. कुरेशी 2024 साली वारले, पण पेंटरांची नावे राहिली. मला यात मोठी गोष्ट दिसते. कारागिराची कला सर्वांना हवी असते, नाव मात्र कोणी विचारत नाही.

तो उतरवलेला बोर्ड भंगारवाल्याकडे जाण्याआधी मी मागून घेतला. पुसल्यावर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात मामांचे नाव निघाले, खाली साल 1991. मामांना दाखवला. बराच वेळ बोलले नाहीत. मग त्या मुलीला म्हणाले, "ह्या 'र'ची सावली थोडी जास्त पडलीय, बघ. तेव्हा घाई होती."

येत्या रविवारी सकाळी मामा चाळीच्या गच्चीवर पाच मुलांना ब्रश धरायला शिकवणार आहेत. रंगाचे पैसे आम्ही वर्गणीतून काढले. तुमच्याही वस्तीत असा एखादा पेंटर असेल. त्याला मुलांसमोर बसवा, आणि मुलांना त्याचे पूर्ण नाव लिहायला सांगा. सावलीसकट.