'वगैरे'त राहिलेली माणसे

आपल्या घराण्याचा इतिहास लिहून ठेवण्याची हौस मराठीला नवी नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणातून बाहेर पडलेल्या कितीतरी कुळांनी आपापले कुलवृत्तांत छापून घेतले. जुन्या ग्रंथालयांत ते जाडजूड खंड अजून धूळ खात उभे असलेले दिसतात. ह्या घरांकडे सनदा होत्या, पत्रव्यवहार होता, आणि मुख्य म्हणजे लिहिणारे होते. ज्यांच्या घरात सनद नव्हती आणि लिहिणाराही नव्हता, अशा शेतकरी कुळांचा वंश दोनच जागी लिहिला गेला. एक, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायाच्या वहीत. दुसरी, सरकारच्या जमीन दप्तरात. पहिल्या वहीत माणूस पुण्यासाठी आपण होऊन जातो, दुसऱ्या दप्तरात तो साऱ्यासाठी ओढला जातो. आमचा आजचा विषय ह्या दुसऱ्या दप्तराचा आहे.

तो आत्ताच निघण्याचे कारण आमच्या अंबड तालुक्यात कुणाला सांगावे लागत नाही. २९ ऑगस्ट २०२३ रोजी ह्याच तालुक्यातील अंतरवाली सराटीत उपोषण सुरू झाले. सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि निजामकाळातील कागदांत 'कुणबी' अशी नोंद शोधण्याचे काम शासनाच्याच हाती आले. पुढे समितीची कक्षा राज्यभर वाढली. राज्यभर पन्नास लाखांहून अधिक नोंदी मिळाल्याचे शासनाने सांगितले. त्यांत मराठवाड्याचा वाटा फारच थोडा आहे. मग २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार पुढे आला. ज्यांनी जन्मात कधी फेरफाराची नक्कल मागितली नव्हती, ती माणसे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही, गाव नमुना चौदा हे शब्द आता पारावर सहज बोलतात. आरक्षणाच्या प्रश्नावर आम्हांला येथे काहीच म्हणायचे नाही. ते काम न्यायालये आणि विधिमंडळ करीत आहेत. आमचे म्हणणे वाचनाविषयीचे आहे, आणि वाचन हा आमच्या पोटापाण्याचाच व्यवसाय आहे.

म्हणणे असे की, एवढा मोठा समाज प्रथमच आपल्या पूर्वजांच्या कागदांकडे वळला आहे, आणि तो त्या कागदांत एकच शब्द शोधीत आहे. तो शब्द सापडला की कागद घडी करून ठेवला जातो. सापडला नाही की कागद निरुपयोगी ठरतो. दोन्ही वेळा कागद वाचला जात नाही.

मुळात हे दप्तर कशासाठी लिहिले गेले, हे आधी पाहावे. 'वसाहतकालीन' हे विशेषण आपल्याकडे जरा जपूनच वापरावे लागते. १७२४ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, लोकांच्या भाषेत मोगलाईचा. १८५३ मध्ये पहिला सालारजंग दिवाण झाला. वसुलाचे मक्ते मोडून सरकारी नोकरांकडून सारा गोळा करण्याची, जिल्हे पाडण्याची सुधारणा त्याच्या कारकिर्दीत झाली. पुढे मोजणी आली ती इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातल्या पद्धतीच्या नमुन्यावर: शेताला क्रमांक, जमिनीला प्रत, प्रतीवर आकार. म्हणजे राज्य निजामाचे, साखळी आणि रकाने मुंबईचे. ह्या व्यवस्थेला कायद्याचे पक्के रूप मिळाले ते १३१७ फसलीच्या हैदराबाद जमीन महसूल कायद्याने. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९०७. जुना कागद हाती घेणाऱ्याने एवढे गणित आधी पाठ करावे, नाहीतर पणजोबा बादशाही काळातले वाटू लागतात.

ह्या सरकारला सारा हवा होता. शेत कोणते, त्याचा आकार किती, आणि तो भरायला जबाबदार कोण, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते. जातीचा रकाना जन्ममृत्यूच्या आणि शाळेच्या नोंदवहीत असतो, कारण तेथे माणूस मोजायचा असतो. शेतवारीत माणूस मोजायचा नसतो. तेथे शेत मुख्य आणि माणूस त्याला जोडलेला. गॅझेटियर तर ह्याहून वरच्या मजल्यावरचा ग्रंथ. तो जिल्ह्याची, तालुक्याची संख्या सांगतो, कोणाच्या आजोबांचे नाव सांगत नाही. साहित्याच्या वर्गात आपण ज्याला संहितेचा हेतू म्हणतो तो येथे इतका स्पष्ट आहे, की त्याकडे दुर्लक्ष करून केलेले कोणतेही वाचन घसरणारच.

हेतू ओळखून वाचू लागले, म्हणजे मात्र हा रूक्ष कागद बोलू लागतो. जुन्या नोंदीत आडनाव बहुधा नसते. 'अमुक वल्द अमुक', 'अमुक बिन अमुक' एवढाच परिचय. आणि आजाचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत असल्यामुळे तीच दोन नावे एकाआड एक पिढीत फिरत राहतात. केवळ नावाच्या मागे लागणारा संशोधक त्या चक्रात सापडतो. आमच्या मते धागा धरावा तो शेताचा. आजच्या गट क्रमांकावरून एकत्रीकरणापूर्वीचा सर्व्हे क्रमांक काढावा, सर्व्हे क्रमांकावरून १९५४-५५ चे खासरा पत्रक, तेथून मागे शेतवार. माणसे मरतात, नावे पुन्हा येतात; शेत जागचे हलत नाही. (जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपुरते हे विधान मागे घ्यावे लागते, पण तेथेही भूसंपादनाची यादी उरलेली आहे.) उलट गावाच्या नावावर फार भिस्त ठेवू नये. अंकुशनगर हे नाव कोणत्याही निजामकालीन कागदावर सापडायचे नाही. साखर कारखान्याभोवती वाढलेली ही वसाहत. तिच्याखालची जमीन जुन्या दप्तरात महाकाळ्यासारख्या मूळ गावांच्या नावाने शोधावी लागते.

फेरफार हा तर ह्या दप्तरातला आम्हांला सर्वांत प्रिय प्रकार. 'खातेदार मयत, वारस पुढीलप्रमाणे' ह्या एका ओळीत कुटुंबाचे एक पर्व मिटते आणि दुसरे उघडते. बापामागे मुले अज्ञान असतील, तर 'अ. पा. क.' ही तीन अक्षरे येतात: अज्ञान पालन कर्ता. त्यांच्यापुढे बहुधा आईचे नाव. कित्येक घरांत पणजीचे नाव सरकारी कागदावर आलेले हे एकमेव स्थळ असते, आणि तेही तिला वैधव्य आल्यामुळे. एरवी बाई येते ती 'भ्र.' किंवा 'जौजे' ह्या खुंटीला टांगलेली. मग 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. चार भावांनी मिळून कसलेल्या शेतावर एका भावाचे नाव लागते आणि बाकीचे तीन 'वगैरे' ह्या शब्दात राहतात. मराठी गद्यात 'वगैरे'इतका निर्दय शब्द दुसरा नसेल. त्याच्या पोटात किती भाऊ, किती बहिणी गेल्या, ह्याची गणती नाही. पुढच्या पिढीतले तंटे बहुतेक त्यातूनच उगवतात, आणि दिवाणी न्यायालयातला दावा हा पुष्कळदा त्या 'वगैरे'चा अन्वयार्थ लावण्याचाच प्रयत्न असतो.

येथे एक तुलना उपयोगी पडेल. आयर्लंडची एकोणिसाव्या शतकातील जनगणनेची बहुतेक पत्रके काही सरकारच्याच हुकमाने, काही १९२२ च्या आगीत नाहीशी झाली. तेव्हा आयरिश माणूस, त्यातही परदेशी गेलेल्या आयरिशांचे वंशज, आपला पूर्वज शोधतात ते १८४७ ते १८६४ ह्या काळात केलेल्या ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनात. तोही इंग्रजी राजवटीचा, करासाठीचाच कागद. परंतु तो कर जमीन ताब्यात असणाऱ्यावर बसत होता, म्हणून त्यात जमीनदाराबरोबर साध्या कुळाचेही नाव आले. आपल्याकडे रयतवारी असूनही नाव लागले ते खातेदाराचे. बटईने करणारा, सालगडी म्हणून राबणारा, ह्यांची नावे १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यापर्यंत बहुतांशी बाहेरच राहिली. कायदा आल्यावरही कोणाचे नाव कूळ म्हणून लागावे, हे पुष्कळदा ज्याच्या हाती लेखणी त्याच्या मर्जीवर होते.

त्या लेखणीविषयी मराठी साहित्याने जे लिहिले आहे ते आपण ह्या संदर्भात पुन्हा वाचायला हवे. महात्मा फुल्यांनी कुळकर्ण्याच्या दप्तरावर घेतलेला आक्षेप सर्वांना ठाऊक आहे. तरवडीच्या मुकुंदराव पाटलांचे 'कुळकर्णी लीलामृत' मात्र आता अभ्यासक्रमाच्या टीपेत उरले आहे. तरवडी नेवासे तालुक्यातली, म्हणजे गोदावरीच्या पलीकडचा इंग्रजी मुलूख. पण लेखणीचा जाच नदीच्या दोन्ही काठांना सारखाच होता. त्रि. ना. आत्र्यांचा 'गांव-गाडा' १९१५ चा. बलुते, वतने आणि सरकारी अंमल ह्यांची गुंतागुंत त्यात जितकी सापडते तितकी दप्तरात सापडत नाही. हे ग्रंथ म्हणजे दप्तराची दुसरी बाजू आहेत. एक हातात घेतल्याशिवाय दुसरे उघडू नये.

ज्यांच्या नावे जमीनच नव्हती त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. महार वतनाच्या जमिनीवर पुष्कळ ठिकाणी 'समस्त महार' असे लागलेले असते. सबंध वस्ती एका शब्दात. अंकुशनगरात दरसाल हंगामाला येणाऱ्या ऊसतोड कामगारांची नावे मुकादमाच्या उचलीच्या वहीत असतात आणि ती वही कोणी जपून ठेवीत नाही. २०२५ च्या निर्णयाने भूमिहीनांसाठी आणि बटईदारांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या रहिवासाचे प्रतिज्ञापत्र मान्य केले. म्हणजे दप्तरात ही माणसे नाहीत, हे शासनानेच कबूल केल्यासारखे झाले. जमीन दप्तरावरून लिहिलेला घराण्याचा इतिहास हा जमीन असलेल्यांचाच इतिहास होतो. हे भान सुटले तर आपण जुन्या कुलवृत्तांतांच्याच वाटेने जाऊ, फक्त कुळे बदलतील.

आता लिपीचे. गावपातळीवरचा जुना कागद बहुधा मोडीत, तालुक्यापासून वरचा उर्दूत, त्याहून जुना फारसीत. मोडीत ऱ्हस्वदीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत. घाईने लिहिलेल्या उर्दूत नुक्ते गाळलेले असतात. नुक्ते गेले की 'नाना' आणि 'बाबा' ह्यांत डोळ्यांना काही फरक उरत नाही; आणि 'कुणबी' शब्दातली मधली दोन अक्षरेही केवळ नुक्त्यांवर उभी आहेत. एवढ्या नाजूक जागी ज्याचे सगळे भवितव्य अडकले आहे तो शेतकरी आज मोडी किंवा उर्दू वाचणाऱ्या कोणा अनोळखी माणसासमोर कागद धरून बसतो. तो सांगेल ते खरे मानण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. शंभर वर्षांपूर्वी त्याचा पणजा पटवाऱ्यासमोर असाच बसलेला असणार. कागद संगणकावर चढला म्हणून ही अवस्था बदलत नाही. चित्र दिसू लागले, अक्षर लागले असे नव्हे.

आणि तरीही मराठवाड्यातील मराठीचा पदव्युत्तर विद्यार्थी बहुधा मोडीचे एक पानही न वाचता बाहेर पडतो. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते, हौशी मंडळीही घेतात. पण विद्यापीठीय मराठी विभागांनी हे आपले काम मानलेले नाही. 'तो इतिहासाचा प्रांत' हे उत्तर आम्हीही सहकाऱ्यांकडून ऐकले आहे. आम्हांला ते पटत नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून साधनांचे खंड काढले तेव्हा त्या कागदांच्या भाषेचा अभ्यास त्यांनी इतिहासापासून वेगळा काढला नव्हता. 'वल्द', 'जौजे', 'मयत', 'खासरा', 'मौजे' हे आपल्या भाषेचे शब्द आहेत. जालना-अंबडच्या बोलीत ते जिवंत आहेत. भाषेचा अभ्यासक ते वाचणार नसेल तर ते दलालाच्या हाती जाणार.

उर्दूची गोष्ट आणखी अवघड. ज्या घरांत अजून ती लिपी वाचता येते ती बहुतेक मुस्लिम घरे, आणि त्यांची ह्या कामी आठवण होते ती केवळ गरजेपुरती. मराठी विभाग आणि उर्दू विभाग एकाच इमारतीत असलेली महाविद्यालये ह्या भागात आहेत. दोघांनी मिळून एका गावाचे एक खासरा पत्रक आणि त्यामागची एक शेतवार घ्यावी, वर्षभर वाचावी, प्रत्येक 'वगैरे'पाशी थांबून त्या घरी जाऊन विचारावे, आणि उत्तरे लिहून ठेवावीत. ह्यासाठी अनुदान लागत नाही. नकलेची फी भरावी लागते, तीही फार नाही. सीमेपलीकडे सिंदखेडराजा, देऊळगावराजा ह्या वऱ्हाडातल्या तालुक्यांत ज्यांची सोयरीक आहे त्यांनी तिकडचाही कागद जोडीला घ्यावा. तो १८५३ नंतर इंग्रजी अमलाखाली लिहिला गेला आहे. एकाच सोयरीकीतली दोन घरे दोन सरकारांनी कशी वेगवेगळी लिहिली, हे विद्यार्थ्यांना तेथे समोरासमोर पाहता येईल.